घाट, जांभा आणि दोन हेल्मेट

कराडहून गुहागरला जाणारा रस्ता नकाशावर एकाच रेघेचा दिसतो. चाकाखाली मात्र तो चार निरनिराळे रस्ते होऊन येतो. पाटणपर्यंत बराचसा सपाट आणि मोकळा, पुढे कोयनेच्या सोबतीने वळणावळणाचा, कुंभार्ली घाटात धुक्याने ओला, आणि चिपळूण मागे टाकून आतल्या वाड्यांकडे वळलं की लाल मातीचा, जांभ्याच्या उघड्या खडकाचा. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे या वाटेने मोटरसायकलवरून जाऊन आलो. कपडे, औषधं, डब्यातले पराठे ही तयारी एका संध्याकाळी उरकली. हेल्मेट निवडायला मात्र तीन आठवडे लागले, आणि या लेखाचाही बराचसा भाग त्यातच जाणार आहे.

आम्ही दोघेही शिक्षक, दोघेही चाळिशीतले, दोघांनाही चष्मा. लेखात सगळीकडे ‘आम्ही’ असलं तरी डोकी दोन आहेत: एक गाडी चालवणारं, एक मागे बसणारं.

मोटरसायकल मूळची आमची नाही. घरातला धाकटा नोकरीसाठी दोहाला गेला. जाताना त्याने आपली उंच, लांब पायांची मोटरसायकल आमच्या अंगणात लावली. “उभी राहिली तर खराब होईल, चालवत जा भाईजान,” एवढंच सांगून गेला. पुढचं चाक एकवीस इंची, हँडल रुंद, टायरना खोल खाचा. डांबरी रस्त्यावरही चालावी आणि कच्च्या वाटेवरही, अशा बेताने केलेली ही गाडी. तिच्यासोबत त्याचं हेल्मेटही राहिलं. ते मातीतल्या शर्यती खेळणाऱ्यांचं होतं. हनुवटीचा भाग चांगला पुढे आलेला, कपाळावर लांब चोच, आणि समोर काचच नाही. डोळ्यांवर वेगळा गॉगल चढवायचा आणि त्याचा पट्टा हेल्मेटवरून मागे ओढायचा. आमच्या घरची दोन हेल्मेट शाळेत जायच्या स्कूटरची, चेहरा उघडा ठेवणारी. म्हणजे एका खुंटीवर गावातल्या दोन किलोमीटरसाठीची हेल्मेट होती आणि दुसऱ्या खुंटीवर चिखलातल्या उड्यांसाठीचं. आमचा रस्ता या दोन्हींच्या मधला होता.

या मधल्या रस्त्यासाठी वेगळ्या जातीचं हेल्मेट मिळतं. इंग्रजीतून आलेला ‘ड्युअल-स्पोर्ट’ हा शब्द दुकानदारांच्या तोंडी आता पक्का बसला आहे. याला रस्त्यावरच्या हेल्मेटसारखी पूर्ण काच असते आणि मातीतल्या हेल्मेटसारखी चोचही असते. दुकानात चोचीला ‘पीक’ म्हणतात, आम्ही चोचच म्हणू. समोरची खिडकी रुंद असते, म्हणजे काच वर करून आत गॉगल बसवता येतो. हनुवटीपुढे थोडी जास्त जागा असते. कच्च्या वाटेवर गाडी हळू चालते, माणूस पायांवर उभा राहतो, धाप लागते, अंगाला घाम सुटतो. तेव्हा ती जागा श्वासाला उपयोगी पडते. रस्त्यावरचं बंद हेल्मेट शांत असतं पण तिथे गुदमरवतं. मातीतलं हेल्मेट हवेशीर असतं, पण ताशी ऐंशीच्या वेगात त्याच्या आत वारा शीळ घालतो आणि डोकं मागे ओढतो. दोन्हींचं थोडं घेऊन, दोन्हींचं थोडं सोडून हे तिसरं तयार होतं. त्यामुळे सर्वांत चांगलं ड्युअल-स्पोर्ट कोणतं, हे आम्ही कोणाला विचारलंच नाही. आपला रस्ता किती डांबरी आणि किती मातीचा, हे आधी वहीत मांडलं. आमचा हिशेब नव्वदाला दहा असा आला, म्हणून काच घट्ट बसणारं, आवाज कमी करणारं आणि चोच काढता येणारं हेल्मेट शोधायचं ठरलं. ज्याचा हिशेब निम्मा-निम्मा असेल त्याने हलकं आणि जास्त झरोक्यांचं घ्यावं.

जाता जाता एक भाषेची गंमत. हेल्मेटला मराठीत शिरस्त्राण म्हणावं असं पुस्तक सांगतं, पण मराठीत त्याहून जिवंत शब्द आहे, जिरेटोप. त्यातला ‘जिरे’ म्हणजे फारसीतली ‘जिरह’, लढाईतलं कड्यांचं चिलखत. वर्गात हा शब्द आला की मुलांना फोडणीतलं जिरं आठवतं आणि दोन मिनिटं वर्ग हसत असतो. फारसीत नुसत्या लोखंडी टोपाला खोद म्हणतात, अरबीत डोक्यावरच्या कड्यांच्या जाळीला मिग्फर. डोकं सांभाळण्याची काळजी किती जुनी आहे, हे या शब्दांवरूनच कळतं.

मोटरसायकलच्या हेल्मेटची कथा मात्र तेवढी जुनी नाही, आणि ती आपल्या वाचकांना ओळखीच्या एका नावापाशी सुरू होते. पहिल्या महायुद्धात अरबांना उस्मानी सल्तनतीविरुद्ध उभं करणारा टी. ई. लॉरेन्स. त्याच्या राजकारणाबद्दल आपल्याकडे फारसं चांगलं बोललं जात नाही, ते असो. मे १९३५ मध्ये इंग्लंडमधल्या डॉरसेट परगण्यात तो आपल्या ब्रॉ सुपीरियर मोटरसायकलवरून चालला होता. समोर सायकलवरची दोन मुलं आली. त्यांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवस बेशुद्ध राहून वारला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्याला पाहणाऱ्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. हा मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटने जीव वाचतात हे मांडून दाखवलं. पुढे ब्रिटिश सैन्यात निरोप पोहोचवणाऱ्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं. आज जगभर जे हेल्मेटचे कायदे आहेत त्यांच्या मुळाशी हे काम आहे.

आता कोल्हापूरच्या दुकानाकडे येऊ. दुकान मोठं होतं, मालक बोलका होता. चालवणाऱ्यासाठी त्याने लगेच पाच-सहा भारी हेल्मेट काउंटरवर मांडली. मग मागे बसणारीकडे वळून म्हणाला, “मॅडमसाठी इकडे लेडीजमध्ये बघा.” इकडे म्हणजे खालच्या फळीवर. गुलाबी, जांभळी, फुलांची नक्षी असलेली, कानांपर्यंतच येणारी हलकी टोपणं.

“हनुवटी झाकणारं नाही का?”

“मॅडम मागे बसणार ना? मग एवढं पुरे आहे.”

“का? पडताना मागचा माणूस हळू पडतो का?”

दुकानदार हसला. हसला आणि शिडीवर चढून वरच्या फळीवरचं मोठं खोकं काढलं. आमचा त्याच्यावर राग नाही. लोक मागतात तेच तो दाखवत होता. कुटुंबात एक चांगलं हेल्मेट येतं, ते पुढच्या डोक्यावर बसतं, आणि मागच्या डोक्यासाठी पोलिसांना दाखवायला काहीतरी घेतलं जातं, किंवा तेही नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ सालचा अहवाल आहे. त्या वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा जीव गेला. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले होते.

आम्हाला मात्र आकड्याची गरज नव्हती. आमच्या शाळेत एक बाई होत्या, प्राथमिकला शिकवायच्या. एका लग्नाहून संध्याकाळी पतीच्या मागे बसून परतत होत्या. रस्त्यात म्हैस आडवी आली. गाडीचा वेग फार नव्हता. पतीच्या डोक्यावर हेल्मेट होतं, त्यांचा खांदा मोडला, तो जुळलाही. बाईंच्या डोक्यावर फक्त पदर होता. आता ते गृहस्थ रोज सकाळी मुलीला शाळेच्या दारात सोडतात. मुलगी पाचवीत आहे. तिच्या डोक्यावर लहान हेल्मेट असतं आणि त्याचा पट्टा ते दोनदा तपासतात. दुकानात ती गुलाबी टोपणं पाहताना आम्हा दोघांनाही एकाच वेळी तो पट्टा आठवला. बाहेर आल्यावर ते एकमेकांना सांगितलं.

म्हणून ठरलं की दोन्ही डोक्यांसाठी एकाच दर्जाचं हेल्मेट घ्यायचं, एकाच किमतीच्या आसपास. पैशांची ओढाताण झाली तर दोन्ही थोडी स्वस्त घ्यायची, पण एक महाग आणि एक नावाला असं करायचं नाही. कायदाही दोघांत फरक करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणारा असो की मागे बसणारा, हेल्मेट सक्तीचं आहे. पगडी बांधणाऱ्या शिखांना तेवढी सूट आहे. चार वर्षांखालच्या लेकरांसाठी २०२२ मध्ये वेगळा नियम आला. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा हवा, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि गाडीचा वेग ताशी चाळीसच्या आत हवा.

दर्जा ओळखायचा कसा? आपल्या देशात आयएसआय चिन्ह पाहायचं. त्यासोबत आयएस ४१५१ हा मानकाचा क्रमांक असतो. १ जून २०२१ पासून हे चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला आणि विकायला बंदी आहे. तरी रस्त्याकडेला चादर पसरून दोनशे रुपयांत हेल्मेट विकणारे दिसतात, आणि चिन्हाचा स्टिकर त्यांच्याकडेही असतो. स्टिकर छापणं सोपं आहे. म्हणून चिन्हाखालचा परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या सरकारी अ‍ॅपवर टाकून पाहावा, कंपनीचं नाव जुळतं का ते कळतं. महाग हेल्मेटांवर युरोपच्या ईसीई मानकाचाही शिक्का असतो. त्यातल्या नव्या २२.०६ मध्ये तिरकस आपटण्याचीही चाचणी घेतात. खऱ्या अपघातात डोकं बहुधा तिरकंच आपटतं आणि मेंदूला पीळ बसतो, म्हणून ही चाचणी महत्त्वाची. अमेरिकेच्या ‘डॉट’ चिन्हाची गोष्ट वेगळी आहे, तिथे कंपनी स्वतःच आपण मानक पाळलं असं जाहीर करते. परदेशी नावांचा सोस नसेल तर आपल्याकडचा मालही बरा आहे. बेळगावात हेल्मेटचा मोठा कारखाना आहे, आणि मागे बसणारीचं हेल्मेट तिथलंच निघालं. आमच्या बेळगावच्या नातेवाइकांना याचा झालेला आनंद आम्ही समजू शकलो नाही, पण झाला.

माप हा खरा कसोटीचा भाग. भुवयांच्या बोटभर वरून आणि डोक्याच्या मागच्या फुगीर भागावरून शिवणाची टेप फिरवायची. बहुतेक कंपन्यांत ५७-५८ सेंटिमीटरला एम आणि ५९-६० ला एल. पण आकडा अर्धंच सांगतो. कोणाचं डोकं गोल, कोणाचं नारळासारखं लांबट. हेल्मेट घालून कपाळावर एकाच ठिकाणी टोचत असेल तर आकार चुकला, माप नव्हे. गालांवर मात्र ते चांगलं दाबलं पाहिजे. चघळायचा आव आणला तर गाल दातांखाली यावेत इतकं. नवं हेल्मेट वापरून सैल होतंच. पट्टा लावून मागच्या कडेला हात घालून पुढे ओढून पाहायचं. निघून आलं तर ते हेल्मेट फळीवर परत. आणि घाई करायची नाही. दुकानदाराने चहा मागवला, तो येऊन, पिऊन, पुन्हा गप्पा होईपर्यंत आम्ही दोघे डोक्यावर हेल्मेट घालून बसलो होतो. चहापुरती तेवढी काढली. येणारी-जाणारी गिऱ्हाइकं पाहत होती, पाहू देत.

स्कार्फ बांधून हेल्मेट घालणाऱ्या भगिनींसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण हे कोणी सांगत नाही. माप घेताना जो कपडा रोज डोक्यावर असतो तोच बांधून घ्यावं. हेल्मेटच्या आत एकही पिन नको. धक्का बसला की ती टाळूत जाते. अंबाडा वर बांधला की हेल्मेट पुढे डोळ्यांवर सरकतं, म्हणून मानेपाशी सैल वेणी. जॉर्जेटचा किंवा रेशमी कपडा आत घसरतो, त्यामुळे हेल्मेट दुकानात घट्ट आणि रस्त्यावर सैल लागतं. आम्हाला सुती होजिअरीची साधी टोपी उत्तम वाटली. ती डोक्याला धरून राहते, वर हेल्मेट बसतं, आणि नमाजसाठी थांबल्यावर हेल्मेट काढलं तरी डोकं झाकलेलंच असतं. वर ओढणी गुंडाळली की झालं. हनुवटीखालचा पट्टा कपड्याच्या चार घड्यांवरून नव्हे, एकाच पातळ थरावरून जायला हवा. आणि ओढणीची टोकं जॅकेटच्या आत, चेन लावून. ओढणी चाकात जाऊन काय होतं ते प्रत्येक गावाने पाहिलं आहे. धाकट्याने हौसेने मागच्या चाकाची साडीची जाळी काढून ठेवली होती, ती आम्ही पुन्हा बसवून घेतली. बाकी चेहऱ्याचं म्हणाल तर, हेल्मेटची काच खाली घेतली की गावातले सगळेच नकाबवाले.

चष्म्याचीही परीक्षा तिथेच घ्यावी. काही हेल्मेटांच्या गालाच्या गादीत चष्म्याच्या काडीसाठी खाच असते. ती नसेल तर तासाभरात कानामागे असं दुखतं की निसर्गसौंदर्य दिसेनासं होतं.

चोचीवर आमच्यात थोडा वाद झाला. चालवणाऱ्याला ती हवी होती, दिसतेही ऐटदार. मागे बसणारीनेही तसंच घालून पाहिलं. दुकानाबाहेर उभ्या गाडीवर दोघे बसलो आणि ब्रेक लावल्यासारखं पुढे झुकलो, तर मागची चोच पुढच्या हेल्मेटवर टकटक वाजली. घाटात हे दर वळणाला झालं असतं. म्हणून पुढचं चोचीचं आणि मागचं बिनचोचीचं, दोन्ही पूर्ण चेहऱ्याची, प्रत्येकी दीड किलोच्या आसपास, एकेक सात हजारांच्या आत.

फजरनंतर निघालो. सफरची दुआ झाली, पट्टे लागले. पाटणपर्यंत रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि समोरून येणारे ट्रक. ट्रक बाजूने गेला की वाऱ्याचा झोत येतो. चोच तो पकडते आणि क्षणभर कोणीतरी डोकं धरून हलवल्यासारखं होतं. वेग साठच्या खाली ठेवला की त्रास कमी. लांबचा डांबरी पल्ला असेल तर चोच काढून पिशवीत टाकावी. दोन-तीन स्क्रूंचंच काम असतं, आम्ही मल्हारपेठेत चहाच्या टपरीवर केलं.

कोयनानगरच्या अलीकडे धुकं लागलं. हे गाव म्हटलं की आमच्या आधीच्या पिढीला धरणाइतकाच ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवतो. कराडमध्ये अजून त्या पहाटेबद्दल बोलणारी माणसं भेटतात. धुक्यात काचेवर बाहेरून पाण्याचे थेंब आणि आतून श्वासाची वाफ, त्यात चष्म्याचीही वाफ. काचेच्या आत आणखी एक पातळ पापुद्रा बसवता येतो, त्याने वाफ धरत नाही. चालवणाऱ्याच्या हेल्मेटला तो होता. चष्म्याला मात्र काही उपाय नाही. काच बोटभर उघडी ठेवायची आणि थंडी सोसायची.

हेळवाकनंतर घाट उतरू लागतो. कुंभार्लीची वळणं एकामागून एक येतात, उजवीकडे दरी, दरीत ढग. पावसाळा संपून महिना झाला होता तरी कड्यांवरून पाण्याच्या बारीक धारा होत्या, आणि वळणावर डांबर उखडून खडी पसरलेली. इथे गाडी पंचवीस-तीसच्या वर जात नाही. अशा वेळी हेल्मेटचं वजन, आवाज, वारा काही जाणवत नाही, फक्त किती दिसतं हे जाणवतं. रुंद खिडकीचा उपयोग इथे कळला. मान न वळवता डोळ्यांच्या कडेने दरीकडची बाजू आणि मागून येणारी एसटी दोन्ही समजतात. परतीच्या दिवशी सकाळी हाच घाट चढताना ऊन थेट समोरून येत होतं. तेव्हा चोच पुन्हा बसवली होती. मान किंचित खाली केली की डोळ्यांवर सावली. मागे बसणारीला त्या उन्हाचा त्रास झाला नाही, समोर पाठच होती.

चिपळुणात थांबून चहा घेतला. २२ जुलै २०२१ च्या पुरात या बाजारपेठेचं काय झालं होतं ते आपण सर्वांनी पाहिलं. आता दुकानं भरलेली आहेत, रंगही नवे आहेत. पुढे मार्गताम्हाणे, शृंगारतळी. इथून रस्त्याच्या कडेची माती लाल होते आणि घरांच्या भिंतीही लाल, जांभ्याच्या चिऱ्यांच्या.

आमचे एक जुने सहकारी निवृत्तीनंतर आपल्या वाडीवर राहतात, गुहागर तालुक्यातच. डांबरी रस्ता सोडून तीन-चार किलोमीटर आत, सड्यावरून. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. नोव्हेंबरात त्यावरचं गवत सोनेरी झालेलं असतं. वाट म्हणजे खडकावर चाकांनी पाडलेल्या दोन खुणा, मधे पावसाने धुतलेले खड्डे, आणि उतारावर लाल मातीचा भुगा. आमच्यापुढे चिऱ्याच्या खाणीवरून निघालेला एक डंपर होता. त्याने उडवलेली धूळ पाच मिनिटं हवेतून हलली नाही. काच बंद ठेवली तर आत भट्टी, उघडली तर डोळ्यांत माती. चालवणाऱ्याने काच वर करून धाकट्याचा जुना गॉगल चष्म्यावरून चढवला. मागे बसणारीने काच लावूनच घेतली आणि खालचे झरोके उघडले. पुढे वाट अरुंद झाली. काजूच्या फांद्या दोन्हीकडून आत आलेल्या, करवंदीचे काटेही. फांद्या चोचीवर आपटत होत्या, डोळ्यांपर्यंत येत नव्हत्या. शोभेची वाटणारी चोच इथे बोलायला लागली. सर्वांत अवघड उतारावर मागे बसणारी उतरून चालत गेली. हेल्मेट डोक्यावर ठेवूनच, कारण हातात धरलं तर तोल जातो. सड्यावर हेल्मेट घालून पायी चाललेली बाई पाहून गुराखी मुलं बराच वेळ मागे मागे आली.

रात्री हेल्मेट कुठे ठेवायची यालाही रीत आहे. गाडीच्या आरशावर अडकवली की आतल्या थर्माकोलला खळगा पडतो, आणि धक्का पिऊन घेणारं जे काही असतं ते हे थर्माकोलच. ते एकदाच दबतं. म्हणून जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं. पेट्रोलची वाफ त्याला चालत नाही. खोबरेल तेलाने आतल्या गाद्या कुबट होतात, कोकणच्या दमट हवेत तर दोन दिवसांत. आमच्या गाद्या काढता येणाऱ्या होत्या. परतल्यावर शाम्पूच्या पाण्यात बुडवल्या तर बादलीभर पाणी गेरूसारखं लाल झालं.

तिसऱ्या दिवशी धोपाव्याहून फेरीबोटीत गाडी चढवून दाभोळला उतरलो. काही मिनिटांची खाडी. आज शांत दिसणारं हे बंदर बहमनी आणि आदिलशाही काळात दख्खनचं मोठं दार होतं. अरबस्तानातले घोडे इथे उतरत आणि घाट चढून वर जात. पंधराव्या शतकातला रशियन प्रवासी अफानासी निकितीन हिंदुस्थान सोडताना इथूनच जहाजात बसला. आम्ही ज्या बाजूने आलो त्या बाजूने विजापूरपासून माणसं, माल आणि घोडे सतत ये-जा करत असणार. हल्लीचा राष्ट्रीय महामार्गही विजयपूर ते गुहागर असाच काढला आहे.

धक्क्याजवळच शाही मशीद आहे, लोक तिला अंडा मशीद म्हणतात. काळ्या दगडाची, मधे घुमट, चार कोपऱ्यांना मिनार. सतराव्या शतकात विजापूरची एक शहजादी हजला निघाली, इथे आल्यावर पुढचा प्रवास घडला नाही, मग बरोबरच्या पैशातून तिने ही मशीद बांधवली, असं सांगतात. घुमट पाहून विजापूरची आठवण होतेच. आम्ही असरची नमाज पढून पायऱ्यांवर बसलो. दोन्ही हेल्मेट शेजारी ठेवली होती.

एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. चाळीस वर्षं जहाजावर काढलेली, आता घरी जाळी विणतात. त्यांनी आधी हेल्मेटकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

“दोघांची दोन?”

“हो चाचा.”

“इथे एकच असतं. तेही चेकनाका दिसला की.” मग स्वतःशीच म्हणाले, “जहाजावर डेकवर जायचं तर टोपीशिवाय सोडत नसत. एकदा विसरलो तर दिवसाचा पगार कापला. घरी आलो आणि पोराच्या मागे तसाच बसतो.”

त्यांनी मागे बसणारीचं हेल्मेट हातात घेतलं, उलटं करून आत पाहिलं, वजन तोललं. “सून दापोलीला नर्स आहे. रोज जाते, नवऱ्याच्या मागे बसून. स्कार्फवर बसेल का हे?”

बसेल, पण तिच्या मापाचं हवं, असं सांगितलं. माप कसं घ्यायचं तेही सांगितलं. टेप आमच्याकडे नव्हती, घरी राहिली होती. चाचांनी खिशातून जाळ्याची नायलॉनची दोरी काढली. “ही चालेल?”

“चालेल. फक्त स्कार्फ बांधलेला असू द्या, आणि वेणी खाली.”

त्यांनी दोरी आधी स्वतःच्या डोक्याभोवती फिरवून पाहिली, भुवयांच्या वर, मागच्या फुगीर भागावरून, दोनदा. मग एक गाठ मारली आणि फूटपट्टी कुठे मिळेल ते विचारलं. परतीची फेरीबोट धक्क्याला लागत होती. आम्ही पट्टे लावले. चाचा शाळेच्या दिशेने निघाले होते, दोरी बोटाला गुंडाळत.